अठ्ठावीस नंबरची बस

बॉस्टनच्या विमानतळाबाहेर सिल्व्हर लाइनची बस उभी असते. नवखा प्रवासी दोन अवजड बॅगा कशाबशा आत ढकलतो, खिशातले सुटे डॉलर चाचपत पैसे कुठे भरायचे ते शोधू लागतो, आणि ड्रायव्हर मानेनेच ‘बसा, बसा’ अशी खूण करतो. विमानतळावरून शहरात जाणाऱ्यांना ही बस २०१२ पासून फुकट आहे. बंदराच्या पाण्याखालचा बोगदा ओलांडून ती तिच्यासाठीच बांधलेल्या भुयारी मार्गात शिरते आणि वरच्या गर्दीला बगल देत साउथ स्टेशनच्या पोटात नेऊन सोडते. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालायची सवय असलेल्या मुंबईकराला हा पाहुणचार भारीच वाटतो.

साउथ स्टेशनला ही सिल्व्हर लाइन संपते आणि दुसरी सुरू होते. नाव तेच, रंग तोच. मात्र ही दुसरी बस पकडायला भुयारातून वर, रस्त्यावर यावं लागतं. चायनाटाउनच्या कडेने वॉशिंग्टन स्ट्रीटला लागून ती रॉक्सबरीकडे जाते. तिच्या वाट्याला बोगदा नाही. रस्त्याच्या कडेला बससाठी रंगवलेली एक मार्गिका आहे, आणि तिच्यात माल उतरवणारे ट्रक निवांत उभे असतात. शिवाय इथे भाडं आहे. पहिल्या बसमध्ये सूटकेसा आणि लॅपटॉपच्या बॅगा होत्या. हिच्यात बाबागाड्या, वाणसामानाच्या पिशव्या, इस्पितळात काम करणाऱ्यांचे निळे गणवेश. थांब्यागणिक बसमधल्या चेहऱ्यांचा रंग बदलत जातो.

या रस्त्यावर १९०१ पासून लोखंडी खांबांवरची आगगाडी धावत होती. खाली कायम अंधार आणि डोक्यावर धडधडाट, त्यामुळे तिच्यावर कुणाचं फार प्रेम होतं असं नाही. पण ती काही मिनिटांत शहराच्या मध्यात पोहोचवायची. १९८७ मध्ये ती उखडली आणि तिच्यावरून धावणारी ऑरेंज लाइन ही मेट्रो पश्चिमेकडच्या नव्या मार्गावर नेली. रॉक्सबरीकरांना आश्वासन मिळालं की तुम्हाला आधीच्या तोडीची किंवा तिच्याहून चांगली सोय करून देऊ. लोकांनी रूळ मागितले. पंधरा वर्षांनी, २००२ मध्ये, आली ती ही बस. सरकारी आश्वासनांचा आपल्याला घरचाच अनुभव असल्याने यात नवल वाटायला नको, पण दोन्ही सिल्व्हर लाइन एकापाठोपाठ एक अनुभवल्या की तो फरक अंगाला जाणवतो.

ऑरेंज लाइनचा तो नवा मार्ग मुळात महामार्गासाठी मोकळा केलेला होता. रॉक्सबरी आणि जमैका प्लेनमधली घरं त्यासाठी पाडून झाली होती. मग वस्त्यांमधले काळे-गोरे रहिवासी, पाद्री, विद्यार्थी आणि फ्रेड साल्वुची नावाचा एक तरुण इंजिनिअर एकत्र आले. गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी १९७० मध्ये काम थांबवलं आणि नंतर तो महामार्ग रद्दच केला. आज तिथे खाली आगगाडी आणि वर लांबलचक बाग आहे. साल्वुची पुढे राज्याचे वाहतूकमंत्री झाले. आंदोलनातला माणूस त्याच खात्याच्या खुर्चीत जाऊन बसल्याची उदाहरणं कुठल्याही देशात कमीच सापडतील.

दुसरी सिल्व्हर लाइन येऊन थांबते ते न्युबियन हे रॉक्सबरीचं मुख्य बसस्थानक. पूर्वी त्याचं नाव डडली होतं. डडली हे वसाहतकाळातले गव्हर्नर, आणि गुलामगिरीला कायद्याचं कवच मिळालं त्या काळातल्या राजवटीशी जोडलेले. लोकांनी मागणी लावून धरल्यावर २०१९ च्या डिसेंबरात चौकाचं नाव बदललं, पुढच्या वर्षी स्थानकाचं. जुन्या उन्नत स्टेशनचं तांब्याचे पत्रे मढवलेलं छत मात्र जपून इथे आणून बसवलंय. त्याच्याखाली उदबत्त्या आणि अत्तरं विकणारा एक म्हातारा बसलेला असतो. डिझेलच्या धुरात चंदनाचा वास मिसळला की क्षणभर परळ एसटी डेपोत उभं असल्यासारखं वाटतं.

इथेच ती भेटली. पंचविशीच्या आतबाहेरची, डोक्यावर बारीक वेण्या, मळके स्नीकर, पाठीवर सॅक आणि हातात क्लिपबोर्ड. आईबाप हैतीहून आलेले, जन्म मॅटापॅनचा. वस्तीतल्या एका छोट्या संस्थेची ती कार्यकर्ती. बस वेळेवर यावी, बसचं भाडं परवडावं, आणि या दोन्ही गोष्टींचा माणसाच्या कातडीच्या रंगाशी संबंध असू नये, एवढंच तिचं काम. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिलाही ते नको होतं.

भाचीच्या घरी या भेटीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली होती, “मावशी, बसने कशाला जातेस तिकडे? मी सोडते ना गाडीने.” भाची उपनगरात राहते. चांगल्या शाळा, मोठं अंगण, दोन गाड्या. बसचा थांबा तिने कधी शोधलेला नाही, कारण तशी गरजच पडली नाही. अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक मराठी माणसांचं हेच आहे. अशा उपनगरांपैकी काहींनी एके काळी मेट्रो दाराशी येऊ दिली नाही. रेड लाइन आर्लिंग्टनपर्यंत न्यायचा बेत होता, पण तिथल्या रहिवाशांच्या विरोधामुळे ती १९८५ मध्ये वेशीवरच्या एलवाइफला येऊन थांबली. कुणी मागून मिळत नाही म्हणून झुरतं, कुणी दिलेलं नाकारतं.

अठ्ठावीस नंबरची बस आली. पुढच्या दाराने, मागच्या दाराने, जिथून जमेल तिथून माणसं चढली, बरोबर ती कार्यकर्तीही. ही बसही फुकट आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हा प्रयोग सुरू केला तो किम जेनी यांनी. त्या बॉस्टनच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौर, तेव्हा हंगामी. त्यांच्या आयुष्यात बसला वेगळंच स्थान आहे. १९७४ मध्ये न्यायाधीश गॅरिटी यांनी काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा एक करण्याचा हुकूम दिला आणि मुलांना बसमधून एकमेकांच्या वस्त्यांत नेणं सुरू झालं. पिवळ्या बसवर दगड आले, शिव्या आल्या. अकरा वर्षांच्या किमला अशाच बसने चार्ल्सटाउनच्या शाळेत नेलं जायचं. त्यांच्या पाठोपाठ महापौर झालेल्या मिशेल वू यांनी २०२२ च्या मार्चपासून २३ आणि २९ नंबरच्या बसही फुकट केल्या आणि मुदत पुढे वाढवत नेली.

तरीही हिशोब खटकतोच. सूटकेसवाल्याला २०१२ मध्ये जे मिळालं, ते अठ्ठावीसच्या वाटेवरच्या ब्लू हिल ॲव्हेन्यूच्या आयाबाईंना मिळायला २०२१ उजाडलं.

फुकट म्हटलं की आपल्याकडे लगेच भुवया वर जातात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं तेव्हा, मार्च २०२३ मध्ये, पारापारावर वाद झडले होते. दुसरीकडे बेस्टचं पाच रुपयांचं किमान भाडं २०२५ च्या मे महिन्यात दहा रुपये झालं, त्यावर मात्र दोन दिवसांत सगळे गप्प. तिला हे सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, इथेही पहिला प्रश्न हाच असतो की पैसे कोण देणार. रस्ते गाड्यांसाठी फुकट आहेत त्याचे पैसे कोण देतं, हे कुणी विचारत नाही. पण फुकट बसबद्दल ती भाबडी नाही. या बसमधून उतरून पुढे मेट्रो पकडणाऱ्याला तिथे तिकीट काढावंच लागतं, म्हणजे त्याचा एक पैसाही वाचत नाही, हे तिनेच सांगितलं. सगळ्या परिसरातल्या कमी उत्पन्नाच्या प्रवाशांना अर्ध्या भाड्याची सवलत मिळाली ती २०२४ च्या सप्टेंबरात. तिच्या मते मोठी गोष्ट ती.

तिचा क्लिपबोर्ड पाहण्यासारखा होता. कागदावर दोन रकाने. पहिल्यात, ‘किती वेळ वाट पाहिलीत?’ या प्रश्नाला प्रवाशाने दिलेलं उत्तर. दुसऱ्यात, तिने स्वतः थांब्यावर उभं राहून घड्याळात पाहिलेली मिनिटं. एक बाई म्हणाल्या, वीस मिनिटं. घड्याळात बारा. तिने दोन्ही लिहिले. खरे बारा आहेत तर वीस कशाला लिहायचे? तिचं म्हणणं, रात्रपाळी करून आलेल्या बाईला फेब्रुवारीच्या बर्फात बारा मिनिटं वीसच वाटतात, आणि सुनावणीत अधिकाऱ्यांसमोर तो वरचा आठाचा फरकही ठेवायचा असतो. तिची आईही इस्पितळात म्हाताऱ्यांची उस्तवार करते. दोन बस बदलून जाते. लहानपणी आईची वाट पाहणं आणि आईने बसची वाट पाहणं हे एकच होतं, असं ती अगदी सहज, कागदावरून नजर न उचलता म्हणाली.

बॉस्टन परिसरात बसने कामाला जाणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाचे वर्षाला सरासरी ६४ तास गोऱ्या प्रवाशापेक्षा जास्त खर्ची पडतात, असं नियोजनकारांनी मांडून ठेवलंय. चौसष्ट तास म्हणजे कामाचे आठ दिवस. डबे आता वेगळे नाहीत, बाकं वेगळी नाहीत. वाट पाहणं तेवढं वेगळं राहिलंय.

बस वॉरन स्ट्रीटने मार्टिन ल्यूथर किंग बुलेव्हार्ड ओलांडते. किंग इथे बॉस्टन विद्यापीठात शिकले, १९५५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मॉन्टगोमेरीत त्यांच्या नेतृत्वाखाली ३८१ दिवसांचा बस बहिष्कार सुरू झाला. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. आणि त्याच्या नऊ महिने आधी, २ मार्चला, त्याच गावात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देऊन अटक झालेली क्लॉडेट कॉल्विन तर पंधराची. मोठ्या माणसांचे आपल्या डोळ्यांसमोरचे फोटो वयस्कर असतात, म्हणून हे वय लक्षात राहत नाही. इथल्या कार्यकर्तीला ते पक्कं ठाऊक होतं. तिच्या थोडं आधीच्या बॉस्टनच्या शाळकरी पोरांनीही असंच एक प्रकरण तडीस नेलं होतं. शाळेचा पास शाळेपुरताच चालायचा. सुट्टीतली नोकरी, रात्रीचा क्लास, शाळा सुटलेली मुलं यांचा त्यात विचारच नव्हता. वर्षानुवर्षं मोर्चे काढून, सुनावण्यांत उभं राहून त्यांनी तरुणांसाठी वेगळा मासिक पास पदरात पाडून घेतला. २०१५ मध्ये तो आधी प्रयोग म्हणून आला, मग कायमचा झाला.

ग्रोव्ह हॉलला बस खच्चून भरली. चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा थांब्यावर होते. ड्रायव्हरने बस एका अंगाने खाली झुकवली, फळी बाहेर काढली, पुढची तीन-चार माणसं न सांगता उठून मागे सरकली. सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागली असतील. कुणी चुकचुकलं नाही, मागून ‘चला, चला’ची आरोळी नाही. इथे कंडक्टर नसतो. उतरायचं असेल तर खिडकीजवळची पिवळी दोरी ओढायची. आणि उतरताना जवळजवळ प्रत्येक जण ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणतो. मागच्या दाराने उतरणारी पोरं तर ओरडून म्हणतात. एसटीच्या ड्रायव्हरला रात्रभर घाट उतरवून आणल्याबद्दल असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

पुढे ब्लू हिल ॲव्हेन्यू. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुमजली-तिमजली लाकडी घरं, केशकर्तनालयं, पैसे पाठवायची दुकानं, छोटी चर्चं. त्यांतल्या काही जुन्या चर्चांच्या कपाळावर अजून डेव्हिडचा सहाकोनी तारा दिसतो. ही सगळी एके काळी ज्यूंची वस्ती. १९६८ मध्ये बँकांनी कृष्णवर्णीय कुटुंबांना घरकर्ज देण्याची योजना काढली, पण एक रेघ आखून. कर्ज मिळणार ते रेघेच्या आतल्या घरांनाच. रेघ नेमकी इथून गेली. दलालांनी ज्यू कुटुंबांना घाबरवून घरं स्वस्तात विकायला लावली आणि थोड्याच वर्षांत वस्ती पालटली. नकाशावर कुणीतरी शांतपणे ओढलेल्या रेघेची ताकद बघायची असेल तर या रस्त्याने एकदा बसने जावं.

या रस्त्याच्या मधोमध पूर्वी ट्राम होती. आता तिथेच बससाठी राखीव मार्गिका करायची योजना आहे. कोलंबस ॲव्हेन्यूवर २०२१ मध्ये तशी केली आहे आणि तिथे बस झपकन निघून जाते. वाटतं, इथे लोक हार घेऊनच उभे असतील. पण नाही. तिच्या कामाचा अवघड भाग इथेच सुरू होतो. २००९ मध्येही २८ नंबरसाठी असाच मोठा बेत वरून आला होता. केंद्राचा निधी मिळवायच्या घाईत वस्तीला धड विचारलंच नाही, लोक बिथरले आणि तो बेत बारगळला. पन्नास वर्षांत आगगाडी गेली, घरं गेली, आश्वासनं आली. त्यामुळे शहरातला माणूस नकाशा घेऊन आला की म्हाताऱ्यांच्या मनात पहिली शंका येते की आता काय काढून नेणार? दुकानदारांना पार्किंगची धास्ती. त्यात आणखी एक भीती, की बस सुधारली की घरभाडी वाढतील आणि बस सुधारायची वाट पाहणारेच इथून उठतील. या भीतीला तिच्याकडे तयार उत्तर नाही, आणि असल्याचा आवही ती आणत नाही.

मॅटापॅन चौकाच्या अलीकडे रस्ता लोहमार्गावरून जातो. ही फेअरमाउंट लाइन. वर्षानुवर्षं उपनगरांत जाणाऱ्या गाड्या डॉर्चेस्टर-मॅटापॅनच्या घरांच्या मागून धडधडत जायच्या आणि मधल्या बहुतेक वस्त्यांत थांबायच्याच नाहीत. आवाज इथल्यांच्या वाट्याला, गाडी दुसऱ्यांच्या. वस्तीतल्या संघटनांनी पिच्छा पुरवल्यावर २०१२-१३ मध्ये तीन नवी स्टेशनं झाली. ब्लू हिल ॲव्हेन्यूचं तर २०१९ च्या फेब्रुवारीत.

न थांबणाऱ्या गाडीची या राज्यातली गोष्ट जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी केव्हाच संपली होती तरी आगगाडीत कृष्णवर्णीयांना वेगळ्या डब्यात बसवत. १८४१ च्या सप्टेंबरात लिन गावाहून निघालेला फ्रेडरिक डग्लस हा तेवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण तिकीट घेऊन गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि उठेना. चार-सहा जणांनी ओढून काढलं तेव्हा त्याने बाक इतकं घट्ट धरलं होतं की ते उखडून त्याच्याबरोबर बाहेर आलं. मग रेल्वेच्या अधिकाऱ्याने काही दिवस लिनला गाडी थांबवूच नका असा हुकूम सोडला. तो वेगळा डबा पुढच्या दोनेक वर्षांत गेला. आणि योगायोग असा, की लिनचं मोडकळीला आलेलं स्टेशन २०२२ च्या ऑक्टोबरात बंद झालं आणि तात्पुरता फलाट होईपर्यंत वर्षाहून जास्त काळ तिथून गाड्या पुन्हा तशाच न थांबता गेल्या. या वेळी हुकूम कुणाचा नव्हता, फक्त डागडुजी वेळेत झाली नव्हती.

मराठी माणसाला इथे मसूर स्टेशन आठवल्याशिवाय राहत नाही. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला निघालेला नऊ-दहा वर्षांचा भीमराव आणि घरातली मुलं मसूरला उतरली. नवे कपडे, खिशात पैसे, पण जात कळताच एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही मुलांनीच बैल हाकायचे आणि त्याने पायी चालायचं या अटीवर. तिला हे सांगितलं. डॉ. आंबेडकर हे नाव तिने ऐकलं होतं, पण गाडीवानाची गोष्ट नवी होती. तिने दोनदा विचारलं, “दुप्पट पैसे घेऊन? आणि गाडी मुलांनी हाकायची?” मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

मॅटापॅनला पोटपूजा तिच्या आग्रहाने झाली. कुरकुरीत पापुद्र्यांचं हैतीचं पाटे म्हणजे थेट आपल्या इराण्याकडचं पॅटिस, फक्त आत खारवलेला मासा. सोबत दोनदा तळलेली कच्च्या केळ्यांची चपटी कापं, तळलेलं डुकराचं मांस आणि पिकलीझ. हे पिकलीझ म्हणजे कोबी, गाजर आणि जहाल मिरची व्हिनेगरमध्ये मुरवलेली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. दुकानदारीणबाई काउंटरमागून बघतच होत्या. ‘आणखी वाढ’ अशी खूण केल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या वाटीचे पैसे घेईनात. अमेरिकेत इतके दिवस मिळमिळीत खाऊन कंटाळलेल्या जिभेला हे शहर तिथे पहिल्यांदा आवडलं.

चौकातून १९४० च्या दशकात बांधलेल्या केशरी ट्राम सुटतात आणि दफनभूमीच्या मधून अ‍ॅशमॉन्टला जातात. पर्यटक त्यांचे फोटो काढायला येतात. रोज त्यातूनच कामावर जाणाऱ्यांचं कौतुक अर्थातच बेताचं. अ‍ॅशमॉन्टला उतरून पुन्हा गाडी बदलावी लागते.

तिला एका केशकर्तनालयातही जायचं होतं. मालक साठीचे, हैतीचेच. हातात मशीन, खुर्चीत गिऱ्हाईक, भिंतीवरच्या टीव्हीवर फुटबॉल. राखीव मार्गिकेच्या पाठिंब्याचा कागद पाहून त्यांनी न वाचताच बाजूला ठेवला. माझी गिऱ्हाइकं गाडीने येतात, त्यांनी गाड्या कुठे लावायच्या? तिने वाद घातला नाही. बसने येणारी किती, असं विचारलं. त्यांनी खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं; तो म्हणाला, मी अठ्ठावीसने आलो. दुकानात हशा पिकला. मालकही हसले, पण सही काही केली नाही. म्हणाले, तुमच्या सभा संध्याकाळी सहाला असतात, तेव्हा माझं दुकान भरलेलं असतं. आणि सगळं बोलणं इंग्रजीत. आठनंतर ठेवा, क्रेओलमध्ये बोलणारं कुणी तरी आणा, मग बघू. तिने क्लिपबोर्डावरचा कागद उलटला, पाठीमागे ‘आठनंतर, क्रेओल’ असं लिहिलं, आणि सभा याच दुकानात घेतली तर खुर्च्या किती मावतील ते मोजायला लागली.